काठाची पट्टी : जुन्या शिडाच्या होडीच्या लाकूडकामावर वाचकांचे प्रश्न

होडीच्या लाकूडकामावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. होड्या बहुतेक फायबरच्या, बारा ते सोळा फुटी. दुखणंही बहुतेकांचं एकच आहे: काठावरची लाकडी पट्टी कुजली, सुटली किंवा काळी पडली. अशा होडीत फायबरची उभी कड दोन पट्ट्यांच्या मधे दाबलेली असते. बाहेरची ती घासपट्टी आणि आतली ती आतपट्टी, हे शब्द खाली याच अर्थाने वापरले आहेत.

प्रश्न : १४ फुटी फायबरची जुनी शिडाची होडी घेतली आहे. दोन्ही काठांच्या पट्ट्या बदलायच्या आहेत. सागवान किती लागेल, स्क्रू कोणते घ्यावेत आणि सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, कराड

उत्तर : सुरुवात मोजपट्टीने करा, पटाशीने नको. काठाच्या पट्ट्या शोभेच्या वाटतात, पण पातळ फायबरच्या होडीचा आकार त्यांनीच धरून ठेवलेला असतो. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या की होडी मधे फाकते आणि नव्या पट्ट्या त्या फाकलेल्या आकारातच पक्क्या होतात. मग आडवी फळी बसत नाही, डोलकाठीच्या दोऱ्यांचा ताण दोन बाजूंना वेगळा येतो. म्हणून डोलकाठीपाशी, मधोमध आणि मागच्या बसायच्या फळीपाशी, अशा तीन जागी होडीची रुंदी मोजून लिहून ठेवा. त्या तिन्ही जागी काठावरून काठावर दीड-दोन इंची बॅटन आडवे बांधा. एका वेळी एकच बाजू उघडा.

लाकडाचा हिशेब असा. काठ वळलेला असल्यामुळे १४ फुटी होडीला पट्टी १५ फूट धरावी. माप दीड इंच रुंद आणि सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, जाड. १५ × १.५ × ०.७५ भागिले १४४, म्हणजे एका पट्टीला सुमारे ०.१२ घनफूट. बाहेरच्या दोन आणि आतल्या दोन मिळून अर्ध्या घनफुटाला थोडं कमी. करवतीची चीर, रंधा आणि गाठींची छाट धरून पाऊण घनफूट घ्या. मागच्या सपाट फळीची वरची टोपीही बदलायची असेल तर सरळ एक घनफूट आणा.

वखारीत निवडताना दोन गोष्टींवर अडून बसा. गाभ्याबाहेरचा पांढरा भाग एका सुताएवढासुद्धा नको, कारण कुजणं तिथूनच सुरू होतं. आणि लाकडाच्या धाग्यांची रेषा सरळ हवी. पंधरा इंचांच्या लांबीत रेषा एक इंचापेक्षा जास्त तिरकी जात असेल तर ती पट्टी वळवताना तिथेच फाटते. लाकडातली ओल १० ते १२ टक्के असावी. ओल मोजायचं यंत्र नसेल तर पट्टीच्या मधल्या भागातला छोटा तुकडा कापून ग्रॅमच्या काट्यावर तोला, ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि वजन घटायचं थांबलं की पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं त्याला सुक्या वजनाने भागून शंभराने गुणा, ती ओलीची टक्केवारी.

१५ फुटी बिनगाठीचं सागवान मिळणं कठीण, म्हणून सांधा आलाच. तो लांब तिरका करा: जाडीच्या आठपट, म्हणजे सहा सूत जाडीला सहा इंच. दोन्ही तुकडे एकावर एक पायरीने ठेवून एकाच वेळी रंधा मारला की उतार आपोआप जुळतो. सांधा मागच्या, कमी वळणाच्या भागात घ्या. आतपट्टीचा आणि घासपट्टीचा सांधा समोरासमोर येऊ देऊ नका, निदान दोन फूट पुढे-मागे करा. घासपट्टीच्या सांध्याचं बाहेर दिसणारं पातळ टोक होडीच्या मागच्या दिशेला हवं. ते पुढे आलं तर धक्क्याला घासताना तिथेच अडकतं आणि पट्टी सालीसारखी निघते.

सांधा इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून करायच्या गोंदाने, चिकटवा. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी अ‍ॅसिटोनने पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत फडकी बदलत राहा. आधी नुसतं पातळ इपॉक्सी लावा, लाकडाला पिऊ द्या, मग बारीक गाळलेला भुसा किंवा सिलिका पावडर घालून दाट केलेलं लावा. शिकंजा (क्लॅम्प) हलका आवळा. जोर केला तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. तिरके पृष्ठभाग दाबाखाली सरकतात, तेव्हा दोन बारीक चुका ठोकून तुकडे जागेवर धरा.

आता स्क्रू. गोड्या पाण्याला ३०४ स्टेनलेस पुरतं. होडी कधी कोकणात खाडीत न्यायचा विचार असेल तर ३१६ घ्या. माप आठ नंबर, लांबी सव्वा इंच, आणि ही लांबी अंदाजाने ठरवू नका. स्क्रू आतून बाहेर जातो. आतपट्टी १९ मिमी, त्यात स्क्रूचं डोकं झाकणाऱ्या लाकडी बुचासाठी ६ मिमी खोल खळगा, म्हणजे डोक्याखाली १३ मिमी लाकूड उरतं. फायबर साधारण ५ मिमी. सव्वा इंची म्हणजे ३२ मिमी स्क्रूचे १४ मिमी बाहेरच्या पट्टीत शिरतात आणि धरतात. दीड इंची घेतला तर २० मिमी शिरतो आणि १९ मिमीच्या घासपट्टीतून टोक बाहेर डोकावतं. फायबरची जाडी प्रत्येक होडीत वेगळी असते, तेव्हा आपली मोजून हाच हिशेब पुन्हा करा.

भोकं तीन मापांची: आतपट्टीत साडेचार मिमी, फायबरमध्ये पाच मिमी, घासपट्टीत तीन मिमी. फायबरमधलं भोक घट्ट असेल तर स्क्रू फिरताना वरच्या चकचकीत थराला तारेसारखे तडे जातात. दर सहा इंचांवर एक स्क्रू, दोन्ही बाजूंचे मिळून साठेक, ७० घेऊन ठेवा. सगळे एका रेषेत मारू नका, एक थोडा वर, एक थोडा खाली असू द्या. एका रेषेत मारले तर पट्टी रेषेवर उभी चिरते. स्क्रूला मेण चोळा. साबण लावायची सवय अनेक सुतारांना आहे, पण साबण ओल ओढून धरतो.

जुनी भोकं तशीच वापरायची नाहीत. ती दाट इपॉक्सीने भरा आणि नवी निदान एक इंच बाजूला पाडा. पट्ट्या बसवण्याआधी चारही बाजूंनी इपॉक्सी किंवा व्हार्निशचे दोन हात द्या, टोकांच्या आडव्या कापाला तीन. मागची, न दिसणारी बाजू कोरी ठेवणं हीच पट्ट्या कुजण्यामागची सर्वांत मोठी चूक असते. बाहेरच्या कडा तीन मिमी गोल करा. धारदार कडेवर व्हार्निश टिकत नाही, ते तिथून ओसरतं.

शेवटच्या बसवणीत नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, मागे चला. पहिल्यांदा सगळं कोरडं, फक्त शिकंज्यांवर बसवून बघा, मगच भोकं पाडा.

प्रश्न : जुन्या पट्टीतले स्क्रू लाकडी बुचांखाली दडले आहेत. बूच निघत नाही, निघालं तर स्क्रूची खाच गेलेली असते. पट्टी मला वाचवायची आहे. – एक वाचक, वाई

उत्तर : बुचाच्या बरोबर मधे तीन मिमीचं भोक पाडा, ड्रिल स्क्रूच्या डोक्याला टेकेपर्यंत. मग त्या भोकात एक लाकडाचा स्क्रू फिरवत राहा. त्याचं टोक खालच्या डोक्यावर अडलं की बूच स्वतःच वर उचललं जातं. पटाशीने कडेकडून उचकटू नका, खळग्याची कड तुटते आणि नवं बूच कधीच नीट दिसत नाही.

खाचेत जुनं व्हार्निश भरलेलं असतं, ते टोच्याने खरवडून काढा. पेचकस बरोबर मापाचा घ्या आणि स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. पकड सुटल्याचं हाताला कळतं, मग उलटा फिरवा. तरी हलला नाही तर सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक डोक्यावर मिनिटभर धरा. धातू तापून फुगतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड ढिली होते.

पितळी स्क्रू खाऱ्या पाण्यात राहिलेला असेल तर त्यातला जस्ताचा भाग निघून गेलेला असतो. तो तांबूस दिसतो आणि जोर केला की खडूसारखा मोडतो. अशा स्क्रूभोवती आठ-दहा मिमीची पोकळ दातेरी नळी ड्रिलला लावून लाकडासकट गाभा काढायचा आणि त्या जागी सागवानाची गोल खुंटी इपॉक्सीने बसवायची.

नवी बुचं त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यातून काढा. रेषेची दिशा पट्टीच्या रेषेशी जुळवा, नाहीतर प्रत्येक बूच ठिपक्यासारखं उठून दिसतं. ती इपॉक्सीने बसवू नका, व्हार्निशमध्ये बुडवून ठोका. पुढच्या वेळी काढणाऱ्याला सोपं जाईल, आणि बहुधा ते तुम्हीच असाल. दुसऱ्या दिवशी वरचा भाग धारदार पटाशीने दोन-तीन टप्प्यांत छाटा. एकदम मुळाशी छाटलं तर रेष खाली जात असेल तिथे बूच खळग्याच्या आत तुटतं.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याचा काही भाग उतरवला. त्यातली सागवानी तुळई आणि चौकटी २०१९ च्या महापुरात भिजल्या होत्या. हे लाकूड होडीला चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल, आणि चांगलं चालेल, पण तीन चाळण्या लावून.

पहिली लोखंडाची. आधी तगडं चुंबक प्रत्येक बाजूवरून फिरवा. वाड्याच्या लाकडात मोडलेल्या खिळ्यांची टोकं आत खोल असतात आणि ती रंध्याच्या पात्यालाच सापडतात. खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे लाकडातला तुरट द्रव्याचा भाग आणि लोखंड यांची ओलीत झालेली शाई. डाग वरवरचा असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५० ते ६० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा आणि पुन्हा एकदा धुवा. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, वाळल्यावर त्याची पूड उडेल असं घासू नका. डाग आत गेला असेल तर तेवढा भाग छाटून टाका. काळ्या झालेल्या लाकडाची ताकद तिथे कमी झालेली असते.

दुसरी ओलीची. महापुराला इतकी वर्षं झाल्यावर तुळई बाहेरून कोरडीच लागेल, पण सहा इंची तुळईचा गाभा वेगळा असू शकतो, विशेषतः तिचं टोक भिंतीत होतं तिथे. तुळई चिरून पट्ट्या काढा, मधे काड्या घालून सावलीत रचा आणि तीन-चार आठवडे थांबा. चिरल्याबरोबर पट्टी धनुष्यासारखी वाकली तर आतला ताण मोकळा झाला असं समजा. ती वाक होडीच्या काठाच्या वळणाच्या दिशेने असेल तर उलट उपयोगीच पडते.

तिसरी चाळणी वळण्याची. शंभर वर्षं वाळलेलं सागवान कडक आणि ठिसूळ असतं, वाफेला फार दाद देत नाही. त्याच्या जाड पट्ट्या सरळ कामाला लावा: मागच्या फळीची टोपी, बसायच्या फळीची कड, सुकाणूच्या दांड्याची मूठ. काठाला वापरायचं असेल तर पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवाव्या लागतील. त्याची रीत पुढच्या उत्तरात आहे.

जुन्या लाकडाच्या वरच्या थरात तेल, धूर आणि पॉलिश मुरलेलं असतं, इपॉक्सी त्यावर धरत नाही. चिकटवण्याची बाजू ताजी रंधलेली हवी आणि रंधल्याच्या दिवशीच चिकटवायला हवी.

प्रश्न : घासपट्टी नाळेकडे वळवताना दोनदा तुटली. तीन दिवस पाण्यात भिजवूनही उपयोग झाला नाही. – एक वाचक, बामणोली

उत्तर : पाण्याने लाकूड वळत नाही, उष्णतेने वळतं. लाकडाचे धागे ज्या द्रव्याने एकमेकांना धरून असतात ते तापल्यावर मऊ होतं. पाण्याचं काम एवढंच, की तापताना लाकूड कोरडं पडू नये. तीन दिवसांच्या भिजवणीने वरचे दोन-तीन मिमी ओले झाले, बाकी होतं तसंच.

दोन वाटा आहेत. पहिली वाफेची. प्लायवूडची सहा इंच चौकोनी लांब पेटी करा, आत दर फुटावर आडव्या सळ्या घाला म्हणजे पट्टी तळाला टेकणार नाही आणि वाफ चारही बाजूंनी फिरेल. पेटी एका टोकाला किंचित उतरती ठेवा आणि तिथे पाणी गळायला भोक ठेवा. दुसऱ्या टोकाला फडक्याचा बोळा, घट्ट झाकण नाही. वाफेला बाहेर पडायची वाट नसेल तर पेटी फुटते. पीव्हीसीचा पाइप वापरू नका, वाफेने तो लोंबतो. पेटीत पूर्ण वाफ भरल्यापासून वेळ मोजायची: एक इंच जाडीला एक तास, म्हणजे सहा सुताला पाऊण तास. जास्त ठेवून जास्त मऊ होत नाही, उलट धागे कमजोर होतात.

पट्टी बाहेर काढल्यापासून वळवून आवळेपर्यंत तुमच्या हातात मिनिटभरसुद्धा नसतं. शिकंजे आधीच उघडून जागेवर टांगून ठेवा, जाड हातमोजे घाला, दोन माणसं हवीत. एक नाळेला धरतो, दुसरा टोकाकडून सावकाश, पण न थांबता, ओढत आणतो. धक्क्याने वळवली की तुटते. बाहेरची बाजू ताणली जाते आणि तुटायला तिथेच सुरुवात होते, म्हणून जिथे रेष बाहेर पळते ती बाजू आत घ्या. थोडी जास्तच वळवा, सोडल्यावर ती परतते. एक दिवस शिकंज्यातच थंड होऊन वाळू द्या, मग स्क्रू मारा. भट्टीत वाळवलेलं सागवान वाफेला हट्टी असतं, हवेवर वाळवलेलं मागा.

दुसरी वाट आम्हाला जास्त भरवशाची वाटते, विशेषतः एकट्या माणसाला. सहा सुती एका पट्टीऐवजी दोन सुती तीन पट्ट्या काढा. त्या हाताने, वाफेविना वळतात. तिन्हींना मधे इपॉक्सी लावून होडीच्या काठावरच, खाली पॉलिथिन घालून, शिकंज्यांत आवळा. वाळल्यावर तयार पट्टी काठाचाच आकार घेऊन निघते, फार थोडी परतते. मग ती रंधून, गोल करून, आतून-बाहेरून बंद करून कायमची बसवा. किंमत लाकडात मोजावी लागते. प्रत्येक चिरेला करवत तीन मिमी खाते आणि वर रंधा, म्हणून लाकूड दीडपट धरा. इपॉक्सी एका बाजूला सुमारे २०० ग्रॅम, दोन्ही घासपट्ट्यांना ४०० ग्रॅम. अर्धा किलोचा संच पुरतो.

शिकंजे दर सहा इंचांवर हवेत, म्हणजे एका बाजूला तीसेक. एवढे कोणाकडे नसतात. चार इंची पीव्हीसी पाइपाचे दोन-दोन इंचांचे गोल तुकडे कापा आणि प्रत्येकाला एक उभी चीर द्या. ती कडी ताणून काठावर अडकवली की चिमट्यासारखी धरते. दहा फुटी पाइपाच्या साठ कड्या निघतात. इपॉक्सीला एवढा दाब पुरतो.

पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी या कामाला घेऊच नका. संथ प्रकारातलं घ्या, आणि तेही उन्हाळ्यात झपाट्याने चढतं: दर दहा अंश वाढीला वेळ साधारण निम्मा होतो. चाळीस अंशांच्या दुपारी डब्यात ठेवलेलं इपॉक्सी धूर सोडून दगड होतं. सकाळी लवकर करा, थोडं-थोडं कालवा आणि खोल डब्याऐवजी पसरट ताटलीत ठेवा. पसरलेल्या थरातली उष्णता निघून जाते.

प्रश्न : पट्टी आणि फायबरच्या मधे सिलिकॉन भरलं होतं. वर्षात सुटलं. दुसरं काय भरावं? – एक वाचक, तासगाव

उत्तर : पॉलिसल्फाइड सीलंट (फट बुजवणारं रबरासारखं भरण) मिळालं तर तेच, तेलकट सागवानाशी त्याचं चांगलं जमतं आणि पुढे कधी पट्टी काढायची झाली तर निघतं. बांधकामाच्या रसायनांच्या दुकानात दोन डब्यांचं मिळतं. पॉलियुरेथेन सीलंटही टिकतं, पण ते गोंद आहे असंच समजा. पट्टी पुन्हा काढायची वेळ आली तर फायबरचा थर सोबत येईल. सिलिकॉन लाकडाला नीट धरत नाही, आणि त्याचा अदृश्य थर जिथे लागला तिथे पुन्हा व्हार्निश, इपॉक्सी काहीच धरत नाही. त्यामुळे आता जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडा, फायबर काचपेपरने घासा आणि दोनदा अ‍ॅसिटोनने पुसा. लाकडाचा तेवढा थर रंध्याने काढून टाका, घासून भागत नाही.

सीलंट नुसतं कडेने ओढू नका, पूर्ण पृष्ठभागावर लावा. स्क्रू एकदम घट्ट आवळले तर सगळं बाहेर येतं आणि मधे काहीच उरत नाही. पहिल्या दिवशी कडेने सीलंट थोडं डोकावेपर्यंतच आवळा, ते रबरासारखं झालं की शेवटचा अर्धा फेरा द्या. मधे एक-दीड मिमीचा थर राहायला हवा. हा थर गळती थांबवतोच, शिवाय हालचालही सोसतो: उन्हात फायबर लांबीत वाढतं, लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. रुंदीत मात्र लाकूड हलतं. ओल १० वरून १६ टक्क्यांवर गेली तर दीड इंची पट्टी अर्ध्या मिमीहून कमीच फुगते, पण सहा इंची टोपीची फळी दीड-पावणेदोन मिमी फुगते. म्हणून रुंद फळी दोन्ही कडांना कडक आवळू नये. मधली रांग घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं किंचित लांबट.

प्रश्न : (दोन पत्रं) मेलामाइन पॉलिश केलेल्या पट्ट्या पहिल्याच पावसाळ्यात पांढऱ्या पडून सुटल्या. – एक वाचक, तापोळा. व्हार्निशवर काळे कण बसतात, कितीही झाडलं तरी. – एक वाचक, पलूस

उत्तर : मेलामाइन, लाखेचं पॉलिश, एनसी लॅकर ही सगळी घरातल्या कपाटांची कामं. लाख पाण्याने पांढरी पडते आणि मेलामाइनचा थर कडक असल्याने खालचं लाकूड हललं की तडकतो. तड्यातून पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात वर्षाला पाच हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो, तापोळ्याची होडी त्याच्या कुशीत आहे. तिथे नुसतं अळशीचं तेलही लावू नका, बुरशीला ते खाद्यच होतं आणि पट्टी काळी पडते.

हवं ते बाहेरच्या कामाचं, अतिनील किरण अडवणारं, लवचीक स्पार व्हार्निश. आधीचा थर पूर्ण काढा. पहिला हात निम्मं थिनर घालून, म्हणजे लाकडात शिरेल. दुसरा तीनास एक, तिसरा नऊस एक, पुढचे निव्वळ. एकूण सहा-सात हात, त्याहून कमी म्हणजे एका उन्हाळ्याची सोय. मधे प्रत्येक वेळी आधी २२० आणि शेवटच्या दोन हातांना ३२० नंबरचा काचपेपर, धूळ थिनरच्या फडक्याने पुसायची. १४ फुटी होडीच्या सगळ्या पट्ट्यांना मिळून सव्वा ते दीड लिटर लागतं. पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी घासून दोन हात दिले की पुन्हा मुळापर्यंत खरवडायची वेळ येत नाही.

वेळ महत्त्वाची. कोयनेच्या खोऱ्यात हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, लाकूड हाताला कोरडं लागलं तरी त्यावर दव असतं. दहानंतर सुरू करा आणि तीनच्या आत थांबा. त्यानंतर लावलेल्या हातावर संध्याकाळचं दव बसलं की चमक जाऊन दुधी थर येतो. पावसाळ्यात इपॉक्सीचं काम केलंत तर त्यावर मेणचट पापुद्रा येतो. तो घासून पसरवू नका, आधी साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, वाळवा, मग काचपेपर. तो न धुता व्हार्निश केलं तर ते आठवडाभर चिकटच राहतं.

पलूसच्या पत्रातले काळे कण बहुधा गळीत हंगामातली राख आहेत. कारखान्याच्या धुराड्यातली आणि शेतात जाळलेल्या पाचटाची राख वाऱ्यावर दूरवर येते, झाडून ती थांबत नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्यावर व्हार्निश करू नका. बंद शेडमध्ये, जमिनीवर पाणी शिंपडून करा, किंवा हंगाम संपल्यावर एप्रिलात सावलीत. एप्रिलच्या उन्हात मात्र वरचा थर लगेच साय धरतो आणि खालचा ओला राहून सुरकुततो. थोडं थिनर वाढवा, थर पातळ ठेवा.

प्रश्न : नदीतली लाकडी वल्ह्याची होडी आहे. काठाला सागवानाऐवजी बाभूळ लावली तर? आणि वरून पितळी पट्टी मारावी का? – एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : घासण्याला बाभूळ सागवानापेक्षा कणखर असते आणि स्वस्त पडते, पण ती जड असते, वाळताना फाटते आणि तिचा पांढरा भाग किडे लवकर धरतो. गाभ्याची, पूर्ण वाळलेली मिळाली तरच घ्या. भोकं सागवानापेक्षा अर्धा मिमी मोठी पाडा, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. शर्यतीच्या होडीला दोन्ही काठांवर ते वजन परवडणार नाही, तिथे सागवानच ठेवा.

पितळी पट्टी घाटाला लागणाऱ्या भागापुरतीच मारावी: नाळेपासून पहिले तीन-चार फूट आणि मागचा कोपरा. अर्धगोल, चार ते पाच सूत रुंद घ्या. भोकं दर आठ इंचांवर, डोकं पट्टीच्या अंगात बुडेल एवढं काउंटरसिंक, स्क्रूही पितळीच. पट्टीखाली सीलंट हवंच, कारण धातूखाली अडकलेलं पाणी वाळत नाही आणि लाकूड तिथेच आधी कुजतं. टोकं चपटी करून घासपट्टीच्या खालच्या बाजूला वळवा आणि तिथे शेवटचा स्क्रू मारा, नाहीतर दोर त्या टोकात अडकून पट्टी उचकटते.